दरबारापासून आश्रमापर्यंत : ख्रिस्त सेवा संघाची वाटचाल

ख्रिस्त सेवा संघाची स्थापना जून १९२२ मध्ये अहमदनगर येथे झाली. पुढे सहा वर्षांच्या आत संघाने पुण्यात, त्या वेळच्या भांबुर्ड्यात म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, स्वतःचा आश्रम उभारला. १९३४ मध्ये संघाची विभागणी झाली आणि पुण्याच्या आश्रमात ख्रिस्त प्रेम सेवा संघ या नावाने व्रतस्थ बंधूंचा समुदाय राहिला. हे बंधू एकेक करून कमी होत गेले. १९७२ मध्ये दोन वेगवेगळ्या पंथांच्या भगिनींनी एकत्र येऊन त्याच वास्तूत नव्याने आश्रमजीवन सुरू केले. इतिहासाचा सांगाडा एवढाच.

सभासदांची यादी काढली तर ही संस्था कोणत्याही काळात लहानच दिसेल. तिची महाविद्यालये नाहीत, रुग्णालयांची साखळी नाही, बाप्तिस्म्यांचे मोठे आकडे नाहीत. तरीही महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात तिला वेगळी जागा आहे, कारण एका अवघड प्रश्नाला तिने हात घातला. मंडळीत पुढारी कोण असावा, आणि पुढाऱ्याने अनुयायांबरोबर एकाच पंगतीला बसावे की नाही, हा तो प्रश्न. संघाला तो पूर्णपणे सोडवता आला नाही. कुठे जमले आणि कुठे फसले, हे सरळ नोंदवावे म्हणून हा आढावा.

पूर्वपीठिका : पगार आणि अधिकार

मराठी मुलखात प्रॉटेस्टंट मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले आणि तेथील पहिली मंडळी १८३३ मध्ये स्थापन झाली. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. म्हणजे एतद्देशीय पाळक ही गोष्ट नगरच्या मंडळीला लवकर ठाऊक झाली. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाची देशी रीत ख्रिस्ती उपासनेत आणली, आणि खेड्यापाड्यांत टाळ-मृदंगाच्या साथीने सुवार्ता ऐकण्याची सवय लागली.

पाळक मराठी झाला, कीर्तन मराठी झाले, पण व्यवहार मात्र मिशनच्या हाती राहिला. पाळकाचा, शिक्षकाचा, बायबल-बाईंचा पगार मिशन ठरवी. शाळा कुठे उघडायची, कोणाला कोणत्या गावी पाठवायचे, हे परदेशी मिशनरी ठरवत. मिशनरी साहेब बहुधा कष्टाळू आणि सद्भावी असत. दुष्काळात आणि प्लेगात त्यांनी जिवावर उदार होऊन काम केले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण बंगला आणि चाळ यांतले अंतर सद्भावाने मिटत नाही. ज्याच्या हातात पगार, त्याच्याशी मैत्री कशी करायची, ही अडचण दोन्ही बाजूंना होती.

ही अडचण साऱ्या जगासमोर उघड बोलली गेली ती १९१० मध्ये, एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत. तिरुनेलवेलीचे तरुण पाळक व्ही. एस. अझरय्या यांनी तेथे सांगितले की परदेशी बंधूंचा त्याग भारतीय मंडळी विसरणार नाही, पण तिला त्याहूनही हवी आहे ती मैत्री. सभागृहातल्या अनेकांना ते बोल झोंबले. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९१२ मध्ये, हेच अझरय्या दोर्नकलचे पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले. आपल्या संघाची बीजे ज्या वातावरणात रुजली ते हे वातावरण होते.

टिळकांचा दरबार

संघाचा खरा पूर्वज नगरचाच. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढची बरीच वर्षे नगरला काढली. लक्ष्मीबाई १९०० मध्ये मंडळीत आल्या. अध्यापन, कीर्तने, अनाथ मुलांचा सांभाळ आणि अखंड काव्यरचना असे टिळकांचे आयुष्य होते. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. मराठी मंडळ्या आजही ‘उपासना संगीता’तून जी गीते गातात, त्यांत टिळकांचा वाटा मोठा आहे. अभंगाची घडण आणि वारकऱ्यांची भक्ती त्यांनी ख्रिस्ताच्या चरणी इतकी सहज आणून ठेवली की गाणाऱ्याला परकेपण जाणवतच नाही.

गीते मराठी झाली तरी मंडळीचा कारभार मिशनच्या चाकोरीत आहे, ही गोष्ट मात्र टिळकांना सलत होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवले. सातारा हे ठिकाण निवडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुसमाज मांडला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त येऊ शकत होते. कोणत्या मिशनचा, कोणत्या पंथाचा, हे विचारायचे नाही. ख्रिस्ताला गुरू मानणारा तो दरबारी. मिशनच्या पैशावर न चालणारी, देशी वळणाची, गृहस्थालाही सामावून घेणारी ख्रिस्ती चळवळ उभी करण्याचा मराठी मुलखातला तो पहिला ठळक प्रयत्न होता.

दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, टिळकांचे मुंबईत निधन झाले. दरबार त्यांच्या व्यक्तित्वावर उभा होता. तो पुढे चालवील अशी दुसरी फळी तयार व्हायला वेळच मिळाला नाही. एका प्रतिभावंताभोवती जमलेली माणसे त्याच्यामागे पांगतात, हा अनुभव चळवळींना नवा नाही. दरबाराची कल्पना मात्र उरली, आणि ती उचलणारा माणूस नगरातच होता.

नगर, १९२२

जॅक कॉपली विन्स्लो यांचा जन्म १८८२ चा. ईटन आणि ऑक्सफर्डचे बेलियल कॉलेज अशा शिक्षणानंतर कँटरबरीच्या सेंट ऑगस्टिन्स कॉलेजात त्यांनी अध्यापन केले आणि १९१४ मध्ये एस.पी.जी. या अँग्लिकन मिशनतर्फे ते हिंदुस्थानात आले. नगरच्या वास्तव्यात त्यांना मिशनच्या कामातली एक खोच दिसली. शाळेत, मंडळीत, दौऱ्यावर भेटणारी माणसे आदराने वागत. जवळ कोणी येत नसे. सी. एफ. अँड्र्यूज यांच्या विचारांचा आणि उदाहरणाचा त्यांच्यावर प्रभाव पडला होता. दिल्लीच्या मिशनमधले हे अँड्र्यूज पुढे गांधीजी आणि रवींद्रनाथांचे जिवलग झाले होते. १९१९ च्या जालियनवाला बागेनंतर तर इंग्रज माणसाने हिंदी माणसाशी केवळ धर्मोपदेशकाच्या नात्याने बोलावे, ही कल्पनाच टिकण्यासारखी राहिली नाही.

विन्स्लो यांनी काढलेला मार्ग साधा होता. एकत्र राहायचे, आणि तेही हिंदी पद्धतीने. जून १९२२ मध्ये त्यांनी काही हिंदी बंधूंसह ख्रिस्त सेवा संघ स्थापला. पगार नाही, सामाईक खजिना. खादीचे कपडे, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण, पादत्राणे बाहेर ठेवून प्रार्थनेला बसणे. दिवसाचे ठरलेले प्रहर प्रार्थनेला, उरलेला वेळ अभ्यासाला आणि सेवेला, आणि हंगामात खेड्यांतून फेऱ्या. फेरीत भजन आणि कीर्तन असेच. नियमांत सर्वांत महत्त्वाचे ठरले ते न लिहिलेले तत्त्व: युरोपियन आणि हिंदी सभासद बरोबरीने राहतील.

या प्रयोगाला सोबतीही होते. आदल्याच वर्षी, १९२१ मध्ये, डॉ. जेसुदासन आणि डॉ. फॉरेस्टर-पेटन या हिंदी आणि स्कॉटिश डॉक्टरांच्या जोडीने तमिळनाडूत तिरुपत्तूर येथे ख्रिस्तकुल आश्रम सुरू केला होता. प्रॉटेस्टंट ख्रिस्ती आश्रमांची परंपरा या दोन ठिकाणांपासून मोजली जाते. कॅथलिकांकडे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९९ च्या सुमारास जबलपूरजवळ नर्मदाकाठी मठ उभारण्याचा प्रयत्न केला होता, पण त्यांच्या चर्चच्या वरिष्ठांनी त्याला मान्यता दिली नाही. संघाचे नशीब या बाबतीत चांगले होते. मुंबईचे बिशप एडविन जेम्स पामर हे स्वतः बेलियलचे माजी प्राध्यापक होते, त्यांना प्रयोगाचे मर्म कळत होते आणि त्यांनी पाठीवर हात ठेवला. चर्चच्या आतून उठलेली चळवळ चर्चमध्येच राहते की बाहेर फेकली जाते, हे पुष्कळदा अशा एखाद्या अधिकाऱ्याच्या समजूतदारपणावर ठरते.

विन्स्लो यांनी १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. दरबाराशी असलेले नाते त्यांनी लपवले नाही. टिळकांनी जे योजले होते त्याचाच एक भाग आपण करतो आहोत, ही जाणीव त्यामागे होती.

उपासनाविधी

संघाच्या कामाचा जो भाग सर्वांत दूर पोचला तो म्हणजे उपासनाविधी. अँग्लिकन मंडळीत प्रभुभोजनाचा विधी इंग्लंडच्या सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या प्रार्थनापुस्तकावरून चाले. मराठी भाषांतर होते, पण घडण इंग्रजी होती. १९२० मध्ये विन्स्लो, मेजर फेस्टिंग, डी. आर. आठवले आणि विधिशास्त्राचे अभ्यासक ई. सी. रॅटक्लिफ यांनी मिळून एक पुस्तक काढले. हिंदी मंडळीसाठी वेगळा उपासनाविधी असावा, आणि त्याचा पाया पूर्वेकडच्या सिरियन परंपरेत, संत याकोबाच्या विधीत शोधावा, अशी त्यांची मांडणी होती. ही निवड विचारपूर्वक होती. केरळातल्या ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतके सिरियन परंपरेत उपासना केली होती, म्हणून हिंदुस्थानात ती परकी म्हणता येत नव्हती.

बिशप पामर यांनी या मसुद्याची बाजू उचलून धरली. मर्यादित वापराची परवानगी मिळाली आणि ‘बॉम्बे लिटर्जी’ या नावाने तो विधी ओळखला जाऊ लागला. संघाच्या प्रार्थनागृहात तो नेहमीच्या वापरात होता. पुस्तकात छापलेला विधी आणि रोज पहाटे माणसे जमिनीवर बसून म्हणतात तो विधी, यांत फरक पडतो. कुठे मौन हवे, कुठे लोकांनी उत्तर द्यावे, कुठे शब्द अडखळतात, हे म्हणताना कळते. उपासनेचे हे देशीपण चर्चच्या चौकटीत राहून, बिशपच्या संमतीने आणि विद्वत्तेच्या आधाराने साधले गेले, ही गोष्ट चळवळ करू पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुण्याचा आश्रम

१९२७ मध्ये विन्स्लो इंग्लंडला गेले आणि तेथून तरुणांची एक तुकडी संघात आली. अल्जी रॉबर्टसन आणि व्हेरियर एल्विन ही त्यांतली दोन नावे पुढे गाजली. एल्विन हे बिशपांचे चिरंजीव, ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजचे विद्यार्थी, दोन विषयांत पहिला वर्ग मिळवलेले आणि तेथल्या विक्लिफ हॉल या धर्मशिक्षणसंस्थेचे उपप्राचार्य. वय पंचविशीचे.

नगर सोडून पुण्याला येण्यामागे हेतू होता. पुणे हे विद्येचे आणि राजकारणाचे शहर. शिवाय सेवेसाठी व्रत घेण्याची कल्पना पुण्याला नवी नव्हती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य १८८४ पासून तुटपुंज्या वेतनावर शिकवत होते आणि गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने १९०५ पासून देशसेवेची दीक्षा देण्याची रीत पाडली होती. पंचहौदात अँग्लिकन मिशनचे मोठे केंद्र होतेच. तेथल्या १८९० च्या चहापानाने पुण्यात केवढा गहजब उडवला होता, हे जुन्या पुणेकरांना ठाऊक होते. ज्या गावात मिशनरी मंडळींच्या घरी चहा घेतल्याबद्दल प्रायश्चित्ताचा वाद पेटला, त्याच गावात आता इंग्रज तरुण खादी नेसून पाटावर जेवायला बसणार होते.

भांबुर्ड्यात चौकाभोवती खोल्या, मध्ये मोकळे अंगण आणि प्रार्थनागृह असा आश्रम १९२८ मध्ये उभा राहिला. खोल्या साध्या, सामान जेमतेम. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची ये-जा, अभ्यासमंडळे आणि निरनिराळ्या धर्मांच्या लोकांशी संवाद हे येथले मुख्य काम झाले. असिसीच्या संत फ्रान्सिसचा आदर्श बंधूंच्या डोळ्यांपुढे होता. आनंदी दारिद्र्य हा शब्दप्रयोग त्यांना आवडे. एल्विन यांनी ख्रिस्ती ध्यानाची आणि भक्तीची परंपरा हिंदी भक्तिमार्गाशेजारी ठेवून लेखन केले. त्याआधी विन्स्लो यांनी योगमार्गावर ख्रिस्ती दृष्टीने पुस्तक लिहिलेच होते.

तरुण आले, इमारत झाली, नाव झाले, आणि इथेच एक उलटे घडले. नगरच्या लहान संघात विन्स्लो हे हिंदी बंधूंमधले एक होते. पुण्यात इंग्रजांची संख्या वाढली आणि त्यांच्याबरोबर त्यांची भाषा, त्यांचे विनोद, त्यांच्या विद्यापीठातले वाद आश्रमात आले. हिंदी सभासदांवर कोणी अन्याय केला असे नव्हे. पण ज्याला वाद घालायचा त्याला इंग्रजीतून घालावा लागे. जेवणाची पंगत एक झाली तरी चर्चेची पंगत एक होत नव्हती.

सत्याग्रहाची वर्षे

जानेवारी १९२८ मध्ये साबरमतीला आंतरधर्मीय स्नेहमंडळाची बैठक झाली. एल्विन तेथे गेले आणि गांधीजींच्या प्रभावाखाली आले. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा संघाला भूमिका घेणे भाग पडले. सत्याग्रहाची वाट ख्रिस्ताच्या शिकवणीशी सुसंगत आहे, अशी मांडणी एल्विन यांनी लेखनातून केली. विन्स्लो आणि एल्विन यांनी मिळून हिंदी स्वातंत्र्याच्या बाजूने एक पुस्तक लिहिले. ते १९३१ मध्ये लंडनहून निघाले आणि त्याला यॉर्कचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांनी प्रस्तावना लिहिली. राज्यकर्त्यांच्याच चर्चमधून, राज्यकर्त्यांच्या देशातल्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्याच्या प्रस्तावनेसह असा सूर उमटला, याला त्या काळी वजन होते. अर्थात सरकारची नजरही आश्रमाकडे वळली.

चर्चमधील प्रत्येकाला हे रुचले नाही. धर्मगुरूने राजकारणात पडावे का, हा वाद संघातही झाला असणे साहजिक आहे. मराठी ख्रिस्ती माणसाची अडचण वेगळीच होती. शेजारी त्याला साहेबाचा माणूस समजत, आणि मिशन त्याला काँग्रेसपासून दूर राहा म्हणे. संघाने त्याला एक दाखला दिला: ख्रिस्ती असणे आणि देशाच्या बाजूने असणे यांत विरोध नाही.

एल्विन यांचे मन आश्रमाच्या चौकात मावेना. संघातलेच श्यामराव हिवाळे हे त्यांचे सोबती झाले. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईत मणिभवनात गांधीजींना अटक झाली तेव्हा हे दोघे तेथेच मुक्कामाला होते. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी मंडला जिल्ह्यातील करंजियाला गोंडांमध्ये बस्तान बसवले. नागपूरच्या बिशपांनी एल्विन यांना धर्मगुरू म्हणून परवाना नाकारला आणि पुढे १९३५ मध्ये एल्विन यांनी चर्चच सोडले. आदिवासींचे अभ्यासक म्हणून त्यांची कीर्ती नंतरची. संघाच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की त्या कामाची पहिली जोडगोळी पुण्याच्या आश्रमात जुळली. श्यामराव हिवाळे यांनी अरण्यातल्या खेड्यांत आयुष्य वेचले आणि १९४६ मध्ये एल्विन यांच्यावर पुस्तकही लिहिले. एल्विन यांचे नाव निघते तेव्हा श्यामरावांचे नाव दुसऱ्या क्रमांकाने येते किंवा येतच नाही. निदान या आढाव्यात ते राहून जाऊ नये.

१९३४ : दोन वाटा

अल्जी रॉबर्टसन इंग्लंडला परतले होते. संघाच्या धर्तीवर, आश्रमात न राहता घरसंसार सांभाळून व्रताने जगणाऱ्यांचा ‘तिसरा संघ’ त्यांनी जोपासला. पुढे डॉर्सेटमधील बंधूंशी हातमिळवणी होऊन अँग्लिकन ‘सोसायटी ऑफ सेंट फ्रान्सिस’ आकाराला आली. आज अनेक देशांत पसरलेला अँग्लिकन फ्रान्सिस्कन तिसरा संघ आपले मूळ पुण्याच्या संघापर्यंत नेऊन भिडवतो. मिशनचा ओघ इंग्लंडहून हिंदुस्थानकडे वाहतो असे समजले जाते. इथे तो उलटा वाहिला.

पुण्यात मात्र मतभेद विकोपाला जात होते. संघाचा गाभा ब्रह्मचारी, व्रतस्थ बंधूंचा असावा, की विवाहित आणि गृहस्थ सभासदांसह मोठे कुटुंब असावे? दोन्ही बाजूंकडे चांगली कारणे होती. व्रतस्थ समुदायाला शिस्त आणि सातत्य राहते. पण मराठी ख्रिस्ती समाज गृहस्थांचा आहे, आणि घरातल्या थोरल्या मुलाने लग्न न करता आश्रमात जाणे कोणत्याही गरीब कुटुंबाला परवडणारे नव्हते. १९३४ मध्ये दोन वाटा झाल्या. व्रतस्थ बंधूंचा ख्रिस्त प्रेम सेवा संघ आश्रमात राहिला. विन्स्लो यांनीही त्याच वर्षी हिंदुस्थान सोडले.

टिळकांचा दरबार आठवला की या विभागणीतली हानी दिसते. टिळक स्वतः संसारी संन्यासी होते. लक्ष्मीबाई, मुले, आल्यागेल्यांचा राबता यांच्यासकट त्यांनी दरबाराचा विचार केला होता. दरबारातला गृहस्थ हा मागच्या दारातला पाहुणा नव्हता. आश्रमाचा आराखडा व्रतस्थतेकडे झुकला आणि मराठी कुटुंबांशी असलेला त्याचा धागा विरळ झाला.

लॅश यांचा काळ

पुढची दीड दशके आश्रमाचे आचार्यपद विल्यम क्विनलन लॅश यांनी सांभाळले. त्यांचा काळ गडबडीचा नाही. नियमित प्रार्थना, पाहुणे, एकांतसाधना आणि शेजारपाजारची सेवा असा तो काळ होता. १९४७ मध्ये, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, लॅश मुंबईचे बिशप झाले आणि १९६१ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. आश्रमातून उठून माणूस थेट धर्मप्रांताच्या गादीवर बसला, यातून चर्चने संघाला किती मान दिला हे कळते. पण त्याबरोबर आश्रमाने आपला कर्ता माणूस गमावला, आणि त्याची जागा भरायला हिंदी बंधूंची फळी तयार नव्हती. १९१९ मध्ये साताऱ्यात घडले तेच, संथपणे, पुण्यात घडले. इंग्लंडहून येणारे थांबले, येथले वाढले नाहीत. साठीच्या दशकात आश्रमजीवन जवळजवळ मावळले.

१९७२ : भगिनींचा आश्रम

दरम्यान बाहेरचे जग बदलले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) कॅथलिक चर्चची दारे इतर ख्रिस्ती पंथांकडे आणि इतर धर्मांकडे उघडली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारतीय चर्च अस्तित्वात आले आणि अँग्लिकन मंडळ्या त्यात सामील झाल्या. पुण्यात १८७७ पासून काम करणाऱ्या वाँटेजच्या अँग्लिकन भगिनी आणि मुंबईत सोफिया कॉलेज चालवणाऱ्या ‘सेक्रेड हार्ट’ संघाच्या कॅथलिक भगिनी, अशा दोन समुदायांनी १९७२ मध्ये एकत्र येऊन शिवाजीनगरच्या आश्रमात संसार मांडला. तेव्हा ही गोष्ट दुर्मीळ होती. दोन्ही पंथांना प्रभुभोजनाचे मेजही एक करता येत नव्हते, पण स्वयंपाकघर, प्रार्थना आणि पाहुणे एक झाले.

वंदना माताजी या पारशी घरातून आलेल्या भगिनी पहिल्या काळात आचार्या होत्या. पुढे त्या हिमालयात गेल्या आणि जैहरीखालला त्यांनी जीवनधारा आश्रम उभारला. त्यांच्यानंतर सारा ग्रँट यांनी जबाबदारी घेतली. सोफिया कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या बाईंचा शंकराचार्यांचा अभ्यास सखोल होता. अद्वैताशी ख्रिस्ती श्रद्धेने कसे बोलावे, हा त्यांच्या आयुष्याचा विषय, आणि केंब्रिजच्या टीप व्याख्यानांत त्यांनी तो मांडला. त्यांच्या काळात उपनिषदांचे वाचन आणि स्तोत्रांचे पठण आश्रमाच्या दिनक्रमात शेजारी शेजारी नांदले. १९२२ च्या संघात स्त्रियांना गाभ्यात जागा नव्हती. पन्नास वर्षांनी आश्रम जगला तो त्यांच्यामुळे.

जमाखर्च

संघाच्या जमेच्या बाजूला काय? मराठी मुलखातून निघालेला उपासनाविधी, चर्चच्या आतून स्वातंत्र्याच्या बाजूने उठलेला स्पष्ट आवाज, परदेशात फोफावलेला तिसरा संघ, करंजियाची जोडी, मुंबईला मिळालेला बिशप आणि पंथांची भिंत ओलांडून एका चुलीवर जेवलेल्या भगिनी. यांतले बहुतेक आश्रमाच्या कुंपणाबाहेर, आश्रम सोडून गेलेल्यांच्या हातून घडले. जाणाऱ्याला संघाने अडवून धरले नाही, हा त्याचा मोठेपणा मानला पाहिजे. स्वतःची इमारत वाचवण्यासाठी माणसे बांधून ठेवणाऱ्या संस्था इमारतीसकट विस्मरणात जातात.

खर्चाच्या बाजूला एकच मोठी रक्कम आहे. समानतेच्या तत्त्वावर सुरू झालेल्या संघात पहिल्या पन्नास वर्षांत मराठी माणसाकडे सूत्रे आली नाहीत. इंग्रज बंधूंनी राहणी बदलली, भाषा शिकली, मान वाकवली. पण पुढारपण देणे म्हणजे राहणी बदलणे नव्हे. त्यासाठी वेळेवर बाजूला व्हावे लागते, आणि दुसऱ्याला चुका करण्याइतकी मोकळीक द्यावी लागते. टिळकांना माणसे तयार करायला आयुष्य पुरले नाही. विन्स्लो आणि त्यांच्या सोबत्यांना वेळ मिळाला, पण त्यांनी तो स्वतःला घडवण्यात अधिक आणि उत्तराधिकारी घडवण्यात कमी घातला.

आज मराठी मंडळ्यांमध्ये परदेशी साहेब नाही. पाळक, बिशप, विश्वस्त सारे येथलेच आहेत. तरीही पगार, बदली, मालमत्ता आणि समित्या यांच्याभोवती अधिकार गोळा होतो, आणि तरुण माणूस दाराशी ताटकळतो, ही तक्रार मंडळ्यांतून ऐकू येते. संघाचा इतिहास अशा वेळी उपयोगी पडतो. कोणत्याही नव्या उपक्रमाच्या पहिल्या वर्षातच तीन गोष्टी ठरवाव्यात, असे तो सांगतो: निर्णय कोणत्या भाषेत होणार, गृहस्थ आणि स्त्रिया गाभ्यात असणार की परिघावर, आणि आजचा पुढारी कोणत्या वर्षी पायउतार होणार. टिळकांच्या दरबारातून गृहस्थालाही सामावून घेणाऱ्या देशी बंधुसमाजाचा वारसा आपल्याकडे आला आहे, आणि तो पुढे चालवणे आता कोणा साहेबाच्या भरवशावर नाही.